रिकामा खिळा: अभयारण्याच्या नाक्यावरचा हिशोब

अभयारण्याच्या नाक्यावर पावती फाडणं हे सगळ्यात सोपं काम. अवघड काम सायंकाळी सुरू होतं. सकाळपासून किती पाव्हणे आत गेले आणि त्यातले किती परत आले? बहुतेक नाक्यांवर पहिला आकडा रजिस्टरात चोख असतो आणि दुसरा कुठंच नसतो. मग रात्री आठला घरून फोन येतो, "आमचं लेकरू तिकडं फिरायला गेलं होतं", आणि सगळे बॅटऱ्या घेऊन पळतात. बरेचदा लेकरू तोवर दुसऱ्या वाटेनं उतरून धाब्यावर जेवत बसलेलं असतं.

गौताळा-औट्रमघाटसारख्या जंगलात हे घडायला फारसं काही लागत नाही. १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलंय. कन्नडकडून वर चढता येतं, चाळीसगावकडून पाटणादेवीच्या बाजूनं आत येता येतं, मधून घाटाचा राष्ट्रीय महामार्ग जातो, आणि गावागावांतून निघणाऱ्या पाऊलवाटा तर गुराख्यांनाच ठाऊक. एका फाटकावर शिरलेला माणूस दुसऱ्या फाटकानं बाहेर पडला की पहिल्या फाटकाच्या लेखी तो आतच असतो.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एक फळी. दीड हात रुंद फळीवर दिवसाच्या मर्यादेइतके खिळे ठोकायचे. प्रत्येक खिळ्यावर पत्र्याचा गोल बिल्ला, त्यावर पंचनं ठोकलेला आकडा. रंगानं लिहू नये, एका पावसाळ्यात उडतो. आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाला एक बिल्ला, अगदी कडेवरच्या लेकरालासुद्धा. गटप्रमुखाकडं दहा बिल्ले एकदम दिले की पद्धत मोडली म्हणून समजा. तो दहाच्या दहा खिशात घालून परत देतो आणि नववा माणूस मागं राहिल्याचं कुणाच्या ध्यानात येत नाही. बिल्ला ज्याचा त्याच्या गळ्यात. येताना ज्याचा त्यानं खिळ्याला लावायचा. दिवस मावळताना फळीवर नजर टाकली की आत किती जण आहेत ते वही न उघडता कळतं. वीज नको, नेटवर्क नको.

दोन फाटकं असतील तर दोन रंगांचे बिल्ले ठेवावेत. पिवळा बिल्ला निळ्या फाटकावर जमा झाला की त्या नाक्यानं लगेच वायरलेसवर किंवा फोनवर नंबर कळवायचा. हे सायंकाळी एकत्र कळवू म्हटलं की राहतंच.

आता कायद्याचं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नं अभयारण्यात कुणाला विनापरवाना शिरता येतं ते ठरवलंय: कामावरचे सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेले, आत जमिनीचा हक्क असलेले, त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं, आणि सार्वजनिक महामार्गावरून नुसते पार होणारे. हा शेवटचा मुद्दा नाक्यावरच्या निम्म्या भांडणांचं मूळ आहे. घाट उतरून धुळ्याकडं जाणाऱ्या गाडीला परवाना लागत नाही. तीच गाडी कडेला लावून चौघं झाडीत शिरले की लागतो. "आम्ही रोडवरच थांबलो" हे वाक्य रस्ता कुठं संपतो यावर अवलंबून असतं, म्हणून रस्त्याच्या हद्दीचे दगड पांढरे रंगवलेले असले की वाद अर्ध्यावर येतो.

कलम २८ खाली परवाना मिळतो तो ठरावीक कारणांसाठी: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. अर्जावर "भेट" एवढंच लिहून भागत नाही, यातलं कारण लिहावं लागतं. कलम ३० आगीबद्दल, ३१ शस्त्रांबद्दल. प्राण्यांना छेडणं आणि कचरा टाकणं हे दोन्ही कलम २७ मध्येच बसतं, हे नाक्यावरच्या फलकावर ठळक लिहावं. २०२२ च्या दुरुस्तीनं सर्वसाधारण गुन्ह्यांच्या दंडाची कमाल २५ हजारांवरून १ लाखावर गेली. फलकांवर मात्र अजून जुनाच आकडा सापडतो.

पितळखोऱ्याला जाणाऱ्यांनी एक गोष्ट गाठीला बांधावी. लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची, भोवतालचं जंगल वनखात्याचं. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. आणि लेणीत मुक्काम कुणाच्याच परवानगीनं होत नाही. संरक्षित स्मारकाची वेळ सूर्योदय ते सूर्यास्त.

दिवसाला किती माणसं?

हा आकडा वरून येतो असं सगळ्यांना वाटतं. तो नाक्यावर बसून काढता येतो, आणि काढावाच.

समजा नाक्यापासून धबधब्यापर्यंत जाऊन-येऊन फेरी ४ तासांची. गट १० जणांचा. वाटेवर एका वेळी १० गटांपेक्षा जास्त नकोत असं ठरलं, म्हणजे १०० माणसं. फाटक सकाळी ७ ते सायंकाळी ५, म्हणजे १० तास. पुस्तकी रीत सांगते: १० भागिले ४, अडीच फेऱ्या, म्हणून दिवसाला २५० माणसं. अहवालात हाच आकडा जातो.

पण ५ ला सगळे बाहेर हवेत, तर शेवटचा गट १ वाजता आत गेला पाहिजे. सोडायला मिळाले ७ ते १, सहाच तास. वाटेवर १० गट धरायचे तर ४ तासांत १० गट, म्हणजे दर २४ मिनिटांनी एक. ७ चा आणि १ चा दोन्ही धरून सहा तासांत १६ गट. २५० चे १६० झाले.

आता गाईड. प्रत्येक गटाला एक, आणि गावातले सहा जण कामावर. पहिला ७ ला निघतो, दुसरा ७.२४ ला, असं करत सहावा ९ ला. पहिला ११ ला परत येतो. भाकर खायला अर्धा तास, ११.३० ला पुन्हा निघतो. दुसरा ११.५४, तिसरा १२.१८, चौथा १२.४२. पाचवा जेवून उठेपर्यंत १.०६ झालेले असतात आणि फाटक बंद. म्हणजे चौघांच्या दोन फेऱ्या, दोघांची एक: एकूण १० गट, १०० माणसं. अहवालातल्या २५० चं हे खरं रूप.

याच गणितातून दुसरी गोष्ट निघते. ९ ते ११.३० या वेळात एकही गाईड मोकळा नसतो. शहरातून आरामात निघालेली गाडी नेमकी साडेनऊला नाक्यावर येते आणि "जागा असून सोडत नाहीत" म्हणून आवाज चढतो. नाकेदाराचा दोष नसतो, त्याला मात्र ते समजावूनही सांगता येत नाही. आरक्षण देताना तारखेसोबत निघायची वेळ लिहून द्या: "सकाळी ८.१२, गट क्रमांक ४". लोक वेळ पाळतात, फक्त ती सांगावी लागते.

शेवटच्या प्रवेशाची वेळ वर्षभर एकच ठेवणं ही आणखी एक खोड. आपल्याकडं डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सात दहाच्या. खोऱ्यात अंधार तासभर आधी येतो. सूर्यास्तातून तो तास वजा करा, मग फेरीचे चार तास वजा करा. डिसेंबरात पाऊण वाजता फाटक बंद, जूनअखेर दोन दहाला. दर पंधरा दिवसांनी खडूनं वेळ बदलली की झालं.

सणावारी हे गणित मोडतं. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंगला श्रावणातल्या सोमवारी किंवा पाटणादेवीला नवरात्रात जी रीघ लागते, तिला गटांचा नियम लावणं वेडेपणा आहे. भाविकाला देवळापर्यंतची वाट मोकळी ठेवावी, वाटेच्या दोन्ही अंगांना दोरी बांधावी, आणि त्या दिवशी बाकीच्या पायवाटा पर्यटकांना बंद. अर्धं मनुष्यबळ दोन्हीकडं वाटलं तर एकही बाजू सांभाळली जात नाही.

परवान्याच्या कागदात काय हवं

कार्बन लावून तीन प्रती. एक गटाकडं, एक नाक्यावर, एक त्या बीटच्या, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याच्या, वनरक्षकाकडं. तिसरी प्रत लोक चुकवतात, आणि जंगलात समोरासमोर भेटणारा तोच एकटा असतो. त्याच्या खिशात कागद नसेल तर समोरचा मोबाईल पुढं करतो, आणि मोबाईलवरचा फोटो कालचा की परवाचा हे उन्हात दिसत नाही. तारीख बदललेले फोटो हा सगळ्यात जास्त चालणारा प्रकार. परवान्याचा अनुक्रमांक वहीशी जुळवला की तो तिथंच संपतो.

कागदावर प्रत्येकाचं नाव आणि वय, गाडीचा नंबर, कोणत्या वाटेनं जाणार, कोणत्या फाटकानं परतणार, निघायची वेळ, आणि घरच्या अशा एका माणसाचा फोन जो या सहलीत नाही. हे शेवटचं लिहून घेताना रोज तेच: लोक सोबतच्याच मित्राचा नंबर देतात. "तुमच्यासंगं नाही असा कोण आहे, दादा?" असं तोंडानं विचारावं लागतं. ओळखपत्र बघावं, हवं तर शेवटचे चार आकडे लिहावेत. आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे नाक्यावर साठवायची काही गरज नाही. उंदीर खातात किंवा त्यात कुणी भजी बांधून देतं.

आरक्षणात दोन रोग आहेत. पहिला, येतो म्हणून न येणारे. पावसाळ्यातले सगळे शनिवार-रविवार कुणीतरी आधीच अडवून ठेवतो आणि आदल्या रात्री बेत बदलतो. निघायच्या वेळेनंतर ३० मिनिटांत गट आला नाही तर जागा नाक्यावरच्या प्रतीक्षायादीला, असा नियम कागदावर छापलेला असावा. दुसरा रोग फोडाफोडीचा. २४ जणांची टोळी सहा-सहाचे चार परवाने काढते आणि आत जाऊन एकत्र येते. आडनावं वेगळी असतात, पण गाड्या एकाच वेळी येतात आणि डिक्कीत स्पीकर एकच असतो. अशांना चार वेगळ्या वेळा द्याव्यात.

एक वही, एकच. फोनवरचं आरक्षण एका वहीत आणि नाक्यावरचं दुसऱ्या वहीत असलं की दसऱ्याच्या सुट्टीत एकाच जागेवर दोन गट उभे राहणारच. ऑनलाइन यादी असली तरी सकाळी ६ ला ती कागदावर उतरवून घ्यायची, कारण दरीत रेंज नसते.

प्लास्टिकच्या बाटल्यांवर बंदी घालून उपयोग होत नाही, त्या पिशवीच्या तळाशी जातात. त्यापेक्षा मोजा. आत जाताना प्रत्येक बाटलीवर मार्करनं बिल्ल्याचा नंबर, बाटलीमागं ५० रुपये अनामत, परत आणली की पैसे परत. यात एक चोरवाट निघते: स्वतःची हरवलेली बाटली भरून काढायला लोक जंगलात पडलेली जुनी बाटली उचलून आणतात आणि तीवर नंबर खरडतात. चालू द्यावं. अशी फसवणूक रोज झाली तर ओढे स्वच्छ होतील.

रात्रीचा मुक्काम

पहिलं स्पष्ट करू. अभयारण्यात स्वतःचा तंबू पाठीवर टाकून वाटेल तिथं मुक्काम करता येत नाही. रात्र काढायची ती वनखात्यानं ठरवलेल्या जागी: वनविश्रामगृह, किंवा खात्यानं आखून दिलेलं तंबूंचं मैदान. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसायला मिळतं तेही नाव नोंदवून, आणि तिथं कोरडा शिधा, पाणी आणि गप्प बसणं एवढंच.

तंबूचं मैदान चालवणाऱ्यांसाठी पाण्याचा हिशोब सगळ्यात आधी. माणशी पिण्याला ५ लिटर आणि स्वयंपाक-हातधुणं ३ लिटर. २४ माणसांना १९२ लिटर, म्हणजे एक २०० लिटरचा ड्रम एका रात्रीला. ड्रम दोन ठेवावेत, कारण एक कुणीतरी आंघोळीला वापरतोच. पाणवठ्यातून पाणी आणू देऊ नये. सायंकाळच्या वेळी तिथं जी वर्दळ असायला हवी ती माणसांची नव्हे. शौचालयाची एक बैठक वीस जणांमागं, ओढ्यापासून निदान ६० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला.

तंबू कुठं लावू नयेत, हे जास्त महत्त्वाचं. कड्याखाली नको, कारण कड्याच्या कपारीला आग्या मोहोळ असतं. अजिंठ्याच्या डोंगररांगेत हा धोका बिबट्यापेक्षा कितीतरी रोजचा आहे. धूर, अत्तर, फटाका, मोहोळावर मारलेला दगड, एवढंच काय, मधमाश्यांच्या अळ्या खाणारा मधुबाज नावाचा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालून गेला तरी माश्या उठतात आणि खाली जो सापडेल त्याला धरतात. उठल्या तर तोंड झाकून, झाडीतून, पळता येईल तितकं लांब पळायचं. पाण्यात उडी मारू नये, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा नखानं किंवा कार्डानं खरवडून लगेच काढावा. तंबूची जागा ठरवायच्या आधी दुर्बिणीनं कडा पाहून घ्यावा, आणि हे दर महिन्याला, कारण मोहोळ जागा बदलतात.

सुक्या नाल्यात तंबू नको हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सपाट आणि वाळूची जागा तीच असल्यानं तिथंच लावतात. वर घाटमाथ्यावर पाऊस पडतो, खाली चांदणं असतं. नितळ पाणी एकाएकी गढूळ झालं आणि त्यावर पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या की सामान न उचलता वर चढायचं. धबधब्याच्या कुंडावर उभ्या असलेल्या गाईडनंही हीच खूण धरावी. हवामान खात्याचा केशरी इशारा आला की त्या दिवसाचे कुंडाकडचे परवाने रद्द, पैसे परत. पैसे परत मिळत नाहीत म्हणूनच लोक इशारा असतानाही हटून बसतात.

आग. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. तोवर अंजन, सालई, धावड्याचा पाला खाली उतरलेला असतो आणि कुसळी गवत पेटायला टेकलेलं असतं. या चार महिन्यांत तंबूचं मैदान बंद ठेवावं असं माझं ठाम मत आहे. उत्पन्न बुडतं हे खरं, पण जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, राखायला जी माणसं लागतात तीच मैदान सांभाळायला अडकतात. उरलेल्या काळातही शेकोटी नको. स्वयंपाक लहान सिलिंडरवर, भोवती दीड मीटर त्रिज्येचं गवत खरडून काढलेलं, बाजूला वाळूच्या दोन बादल्या. पाण्याच्या बादल्या ठेवल्या की त्यात भांडी बुडवली जातात.

खाण्याचं सामान तंबूत ठेवू देऊ नये. पत्र्याची एक पेटी, कुलूपाची, तंबूंपासून ५० मीटरवर. उष्टं त्याच पेटीत, सकाळी परत. रानडुकराला चिवड्याची पिशवी तंबूच्या कापडाआडूनही कळते, आणि गौताळ्यात अस्वलं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली पहाटे कुणालाही फिरकू देऊ नका, ती वेळ अस्वलाची.

वाघाचं विचारणारे भेटतातच. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात टिपला गेला, आणि २०२४ च्या डिसेंबरात टिपेश्वरकडचाच एक येडशीत दिसला. अशा बातमीनंतरचा आठवडा नाक्याला सगळ्यात जड जातो. ठशांची किंवा कॅमेऱ्यांची जागा गाईडनं कुणालाही सांगू नये, आणि त्या भागातल्या वाटा काही काळ परवान्यातून काढून टाकाव्यात.

मुक्कामी गटाची हजेरी दोनदा: सायंकाळी ७ ला आणि सकाळी ६ ला, बिल्ले मोजून. साप चावला तर कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, चावलेला हात किंवा पाय हलू नये म्हणून काठीचा आधार सैलसर बांधून सरळ तालुक्याच्या रुग्णालयात, १०८ ला फोन वाटेतूनच. वनखात्याची हेल्पलाइन १९२६. हे दोन्ही नंबर परवान्याच्या मागच्या बाजूला छापलेले असले तरी रेंज कुठल्या टेकाडावर मिळते हे तिथंच लिहून ठेवावं.

खिळा रिकामा राहिला तर

फेरी संपायच्या वेळेनंतर ३० मिनिटं वाट बघायची. मग गाडीतळावर जाऊन त्या परवान्यावरची गाडी उभी आहे का पाहायचं. गाडी गेली असेल तर बिल्ला खिशात घालून माणूस घरी पोचलाय; परवान्यावरच्या फोनवर विचारून घ्या. गाडी उभी असेल तर दुसऱ्या फाटकाला नंबर कळवा, मग बीटच्या वनरक्षकाला. त्याच गटाचा गाईड आधी गाठायचा: शेवटची मोजणी कुठं केली, हे त्याला सांगता आलं पाहिजे. म्हणून गाईडनं तीन ठिकाणी माणसं मोजायची पद्धत पाहिजे: वाटेच्या अर्ध्यावर, कुंडावरून निघताना, आणि फाटकाच्या आधीच्या वळणावर. शोधायला निघणारे दोघं-दोघं, आणि त्यांनीही बिल्ले घ्यायचे. अंधारात शोधायला गेलेलाच चुकला तर आतल्यांचा आकडा कुणाला ठाऊक नसतो.

बिल्ला खरंच हरवला तर वहीत नोंद, आणि तो नंबर कायमचा बाद. त्याच नंबरचा नवा बिल्ला ठोकू नये. जुना पुढच्या पावसाळ्यात कुणाला तरी सापडतो, तो प्रामाणिकपणे खिळ्याला आणून लावतो, आणि त्या दिवशी आत राहिलेला माणूस फळीवर बाहेर आलेला दिसतो.